पायातली टाचणी

टाचणी पायात गेली ते मला कळलंच नाही. फरशीवर लाल ठिपके दिसले तेव्हा आधी वाटलं, कुणाच्या तरी खणाचा रंग गेला. लग्नसराईचे दिवस. कटिंग टेबलावर अठरा ब्लाउज पडलेले, त्यांतले सहा त्याच संध्याकाळी द्यायचे होते. ठिपके पुसायला वाकले तर ते माझ्याच चपलेच्या मागे मागे येत होते. चप्पल काढली. टाचणी डोक्यापर्यंत टाचेत रुतलेली. ओढून काढली तरी दुखलं नाही. तीस वर्षं ब्लाउज शिवतेय, टाचण्या हजारदा टोचल्यात, आणि दर वेळी मी ओरडलेय. न दुखण्याची ही पहिलीच वेळ होती.

मुलीने धरूनच दवाखान्यात नेलं. साखर आहे हे मला चार वर्षांपासून माहीत होतं. गोळी आठवली की घ्यायची, तपासणी पुढच्या महिन्यात करू, असं माझं चाललेलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर निघाली ८.६ टक्के. सात टक्क्यांच्या आसपास ठेवायचं असं मला आधी सांगितलेलं होतं. डॉक्टर मुलीच्याच वयाच्या. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवत ‘कळलं की सांगा’ म्हणाल्या. आम्ही हेमिंगला पारदर्शक दोरा वापरतो, साधारण तसाच तंतू. दहा ठिकाणी टेकवला म्हणे. मला सहाच कळल्या.

पुढे त्यांनी जे सांगितलं त्याने टाचणीपेक्षा जास्त टोचलं. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. जखम झालेली कळत नाही, मग ती चिघळते. गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, पण आहे ती राखायची असेल तर साखर खाली आणली पाहिजे. गोळ्या बदलल्या. मग म्हणाल्या, “काकू, दिवसातून किती चालता?”

मी सांगितलं, मशीनपासून इस्त्रीपर्यंत. इस्त्री हातभर अंतरावर होती.

आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालायचं, हा जागतिक आरोग्य संघटनेचाच हिशेब आहे असं त्या म्हणाल्या. भरभर म्हणजे किती? “चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये.” हे माप मला लगेच कळलं. फूटपट्टीपेक्षा सोपं.

सुरुवात बागेतल्या ट्रॅकवर केली. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गोल गोल फिरायचं, दर फेरीला तोच कठडा, तीच कचरापेटी, बाकावर तेच मोबाईल बघत बसलेले लोक. नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी एका नवरीची चोळी अडली आणि मग बाग राहिलीच. खरं सांगते, चोळी अडली नसती तरी बाग राहिलीच असती.

आमचं घर पुण्यात, गोखलेनगरला. १९६१ साली पानशेतचं धरण फुटलं, पूर आला, घरं गेली, तेव्हा सासू-सासरे इकडे राहायला आले. या भागातली बरीच जुनी घरं अशीच पूरग्रस्तांची. म्हणजे वेताळ टेकडी आमच्या पाठीशीच. सासूबाई सरपणाला टेकडीवर जायच्या, मोळी डोक्यावर घेऊन उतरायच्या, आणि त्यांना साखर कधी झाली नाही. मी लग्न होऊन आल्यावर गॅसच आला. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडीतून रस्ता नको म्हणून हजारो माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा मी दुकानात बसून काठाला काठ जुळवत होते. एका गिऱ्हाईक बाईने विचारलं, “तुमचीच टेकडी, तुम्ही नाही येत?” मी म्हटलं, माझा काय संबंध.

संबंध जुळवला शेजारच्या आक्कांनी. वय अडुसष्ट. पहाटे दुधाच्या पिशव्या वाटून झाल्या की त्या रोज वर जातात. मी बाग सोडल्याचं त्यांना कसं कळलं देव जाणे. एका संध्याकाळी दुकानात आल्या, परकर शिवायला टाकला आणि म्हणाल्या, “उद्या साडेसहाला दारात उभी राहा. मी हाक मारणार नाही.”

चपलेवर जायचं नाही हे डॉक्टरांनी बजावलेलं होतं. बूट घ्यायला मी आयुष्यात पहिल्यांदाच गेले. त्यासाठी त्यांच्या सूचना होत्या: संध्याकाळी जा, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. पुढे बोटभर जागा ठेवा. घालण्याआधी रोज आत हात फिरवून बघा, खडा, कुसळ, काही असेल तर बोटांना कळेल, पायाला कळणार नाही. मोजे पांढरे घ्या, म्हणजे रक्त आलं तर दिसेल. आणि आतल्या शिवणीने पाय घासणार नाही असे घ्या. ही शेवटची गोष्ट मला सांगायची गरज नव्हती. बाजारातल्या मोज्यांची बोटांवरची शिवण इतकी जाड असते की शिवणाऱ्याची मला लाज वाटते. मी मोजे उलटे करून घालते. शिवण बाहेर, पाय आत सुखी. आक्का म्हणाल्या, “उलटे मोजे घालणारी बाई वेताळाला बघायचीय.”

पहिल्या दिवशी मी तीनदा बसले. वाट मुरमाची, मध्ये मध्ये काळा दगड वर आलेला. मार्च लागला होता, गवत वाळून पिवळं झालेलं, गिरिपुष्पाची गुलाबी फुलं उन्हात कोमेजलेली. ही झाडं वनखात्याने लावलेली, मूळची इथली नाहीत, हे मला पुढे एका काकांकडून कळलं. ते दर झाडाला थांबून त्याचं नाव सांगतात. सालई, मोई, मेडशिंग हे इथले जुने रहिवासी. त्या दिवशी मात्र मला झाडं दिसलीच नाहीत. छातीत भाता चाललेला. आक्का पुढे भूपाळी गुणगुणत चढत होत्या, म्हणजे डॉक्टरांच्या मापाने त्यांना ही टेकडी पुरतच नव्हती. मला एक शब्द बोलता येत नव्हता, म्हणजे मला ती जास्त होत होती. आक्का थांबल्या. “घाई कुणाला आहे? वेताळ कुठं पळून चाललाय?”

वर पोचायला पाऊण तास लागला. ही पुण्यातली सगळ्यांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. खाली शहर साधारण ५६० मीटरवर. वेताळाच्या देवळापाशी बसून खाली बघितलं. माझ्या दुकानाचा पत्रा शोधला, सापडला नाही. देवळापुढे सगळे चपला-बूट काढून जात होते. मला अनवाणी चालायला बंदी, तापल्या फरशीचा चटका पायाला कळणार नाही म्हणून. मी बाहेरूनच हात जोडले. आक्कांना ते फारसं पटलं नाही, पण त्या काही बोलल्या नाहीत.

चढले म्हणून खूश होते. खरा प्रताप तिसऱ्या दिवशी कळला. उठता येईना. मांड्या अशा भरून आल्या की शौचालयात भिंतीला धरून बसावं लागलं, आणि मशीनच्या मोटरचं पायडल दाबताना डोळ्यांत पाणी. मला वाटलं, चढ बाधला. डॉक्टरांना फोन केला तर त्या हसल्या. “चढ नाही काकू, उतार.” चढताना मांडीचा स्नायू आखडून अंगाला वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. सवय नसलेल्या स्नायूला हे काम जड जातं आणि दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. आठवडाभर उतार हळू घ्या, मग स्नायू सरावतो, म्हणाल्या. पुढे एकदा तपासणीला गेले तेव्हा त्यांनी एक गंमत सांगितली. ऑस्ट्रियात आल्प्सच्या डोंगरावर बैठ्या कामाच्या माणसांना दोन महिने नुसतं चढायला लावलं आणि उतरताना रोपवेने आणलं. पुढचे दोन महिने उलट, रोपवेने वर आणि पायी खाली. चढण्याने रक्तातली चरबी जास्त सुधारली आणि उतरण्याने साखर पचवण्याची ताकद. म्हणजे जी गोष्ट मी आराम समजत होते, तीही कामाला येत होती.

त्यानंतर मी आक्कांकडून उतरायला शिकले. हे कुणी शिकवत नाही. चढायला दम लागतो म्हणून त्याचं कौतुक होतं, उतारावर मात्र सगळे धावत सुटतात आणि गुडघे धरून बसतात. आक्कांची पद्धत अशी: पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला, कधीच ताठ नाही. सरळ खाली न जाता वाटेच्या या काठापासून त्या काठापर्यंत नागमोडी. टाच आधी घट्ट रोवायची नाही, सगळा तळवा ठेवायचा. मुरूम दिसला की त्यावरून न जाता बाजूच्या गवतावरून किंवा उघड्या दगडावरून. आणि बोलायचं नाही. चढताना वाटेल तेवढ्या गप्पा, उतरताना नजर पायात. मी एकदाच हा नियम मोडला. सुनेची तक्रार सांगत होते, मुरमावरून पाय सटकला आणि दोन्ही तळहात सोलले. आठ दिवस सुई धरता आली नाही. सुनेची तक्रारही अर्धीच राहिली.

मला काठी हवीशी वाटत होती, पण लाज वाटायची. मग एके दिवशी माझ्याहून तरुण एक बाई दोन काठ्या घेऊन चढताना दिसल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. दुसऱ्या दिवशी मी दुकानातला पडदा लावायचा जुना दांडा घेऊन गेले.

मुलीने फोनमध्ये पावलं मोजायचं काहीतरी टाकून दिलं. रोज दहा हजार झाली पाहिजेत म्हणे. माझी टेकडी धरून सहा-साडेसहा हजार व्हायची आणि रात्री फोन मला नापास करायचा. डॉक्टरांनी सांगितलं, हा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ अशा अर्थाचं होतं. आमच्या धंद्यात ‘फ्री साईज’ म्हणतात तसलाच प्रकार. सगळ्यांना बसतो म्हणायचं आणि कुणालाच नीट बसत नाही. मी ते फोनमधून काढून टाकलं.

दुसरी एक गोष्ट मात्र मी धरून ठेवली. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे करायचे. स्नायू चालायला लागले की रक्तातली साखर इन्शुलिनची फार वाट न बघता ओढून घेतात, आणि जेवणानंतर साखर चढते तेव्हाच ती ओढून घेतलेली बरी. दुपारी दुकान बंद ठेवून गल्लीत हिंडायला मला जमणार नव्हतं. म्हणून मी इस्त्रीचं टेबल दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. आता प्रत्येक शिवण दाबायला उठावं लागतं. मदतनीस मुलगी वैतागली. तिला वाटलं, मला वास्तुशास्त्राचं वेड लागलं.

मे अखेरीस शुगर आली ७.९. मला वाटलं होतं सहाच्या घरात येईल. तीन महिने पहाटे उठून एवढंच? तोंड पाडून घरी आले. डॉक्टरांचं म्हणणं, या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, तेव्हा तुम्ही सुरुवात केली ते लंगडे दिवसही त्यात धरलेत. आक्कांना आकडा सांगितला तर म्हणाल्या, “काल कुठं होतीस?” आदल्या दिवशी मी गेले नव्हते. वाटेवरच्या चार जणांनीही हेच विचारलं. हास्यक्लबवाले काका, झाडांची नावं सांगणारे काका, काठ्यावाल्या बाई, आणि खाणीपाशी रोज कुत्र्यांना बिस्किटं घालणारा मुलगा. त्यांतल्या एकाचंही नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. बागेत नऊ दिवस जाऊन दहाव्या दिवशी गेले नाही तेव्हा कुणालाच काही वाटलं नव्हतं.

पाऊस सुरू झाला तेव्हा पंधरा दिवस मी घाबरून गेले नाही. दगडावर शेवाळ, वाटेला ओहोळ. पण मोरांचं ओरडणं थेट दुकानापर्यंत यायचं आणि चैन पडेना. मग आम्ही गाडी जाते त्या डांबरी रस्त्याने चढायला लागलो. लांब पडतं, पण पाय टिकतो.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी जी चूक केली ती लिहायलाच हवी, कारण माझ्यासारख्या कितीतरी बाया करत असतील. उपास होता. सकाळची गोळी घेतली, कारण गोळी चुकवायची नाही असं सांगितलेलं. खाल्लं काहीच नाही, वर गेल्यावर केळं खाऊ म्हटलं. देवळाच्या अलीकडे हात थरथरायला लागले. घाम फुटला, तोही गार. आक्का काहीतरी विचारत होत्या, शब्द ऐकू येत होते पण त्यांचा अर्थ लागेना. मला त्यांचा राग येत होता, का ते आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, “मला झोपायचंय,” आणि वाटेतच बसले.

हास्यक्लबवाले काका स्वतः साखरेचे जुने रुग्ण. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि ओरडले, “हिची शुगर लो झालीय!” कुणीतरी शेंगदाण्याची चिक्की पुढे केली. “चिक्की नको, तिला वेळ लागतो,” म्हणून त्यांनी थर्मासमधल्या पाण्यात खिशातल्या पुडीची साखर ढवळली, तीन चमचे भरून. मी उपासाचं काहीतरी पुटपुटले म्हणे. आक्का म्हणाल्या, “महादेवाला मी सांगते, तू पी.” पंधरा मिनिटांनी झाडं परत आपापल्या जागी दिसायला लागली. काकांनी मग केळं खायला लावलं आणि दोन माणसं सोबत देऊन खाली धाडलं.

डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं मागवली. मेटफॉर्मिन एकटी असेल तर शुगर अशी सहसा घसरत नाही, पण माझ्याकडे सोबत ग्लिमेपिराइड होती. ती शरीराला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. त्यात चालणं वाढलेलं. त्या वेळची रक्तातली साखर, म्हणजे मिलिग्रॅममध्ये मोजतात ती, ७० च्या खाली गेली की हात थरथरणं, घाम, चिडचिड, भ्रम सुरू होतो. त्यांनी ती गोळी अर्धी केली. उपास असेल तर आधी मला विचारायचं, म्हणाल्या, आणि खिशात ग्लुकोजची पुडी असल्याशिवाय टेकडी नाही. मी प्रत्येक पंजाबी ड्रेसला खिसा शिवून घेतलाय. आता गिऱ्हाइकंही मागतात.

दसऱ्यानंतर गवत कंबरेएवढं होतं आणि मग कुसळं सुटतात. कुसळ कधी जवळून बघितलंय? टोकाला सुईसारखी अणी, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागे लांब पिळदार शेपटी. ओल लागली की तो पीळ सुटतो, वाळला की परत पडतो, आणि तसं करत करत कुसळ स्वतःच आत घुसत जातं. मशीनची सुई नुसती वर-खाली करते, ही तर गिरमिटासारखी फिरते. पायजमा, मोजे, बुटाच्या लेसा, सगळीकडे. घरी आल्यावर मी दिव्याखाली बसून मोजे तपासते, एकेक कुसळ चिमट्याने काढते, आणि मग तळवे आरशात बघते. सुरुवातीला मुलगी हसायची. आता तीच आरसा धरते.

सप्टेंबरात शुगर ७.२ होती, डिसेंबरात ७.०. वजन ७१ वरून ६७. रक्तदाबाची गोळी आहे तशीच आहे. झोप लागते, रात्री दोनदा उठून पाणी प्यायचं थांबलं. माझ्या स्वतःच्या ब्लाउजांना बाजूच्या शिवणीत अर्धा अर्धा इंच आत घ्यावं लागलं, हे मला रिपोर्टपेक्षा जास्त खरं वाटलं. तळव्यांची तपासणी परत झाली. दहापैकी सहाच कळल्या, त्याच सहा. डॉक्टर म्हणाल्या, कमी झाल्या नाहीत हेही काही कमी नाही. मला दहा हव्या होत्या.

जानेवारीत आक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस चढायचं नाही, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. पहिल्या दिवशी मी एकटीच गेले. परत आले तर आक्का काळा चष्मा लावून ओट्यावर बसलेल्या.

“किती ठिकाणी बसलीस?”

“एकाही नाही.”

“गाणं म्हणता आलं का?”

मी म्हटलं, अर्धं कडवं.

“मग जरा जोरात चाल,” म्हणाल्या.

दुकानात आता एक लोहचुंबक ठेवलंय, दांड्याला बांधून. रात्री शटर ओढायच्या आधी सगळ्या फरशीवरून फिरवते, मशीनखालून, इस्त्रीच्या टेबलाखालून. काल सात टाचण्या निघाल्या आणि एक तुटकी सुई.